इकडून अडीच, तिकडून अडीच

विमान कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये त्याला सगळे थंडोबा म्हणायचे, आणि त्याचं वाईट वाटायचं सोडून त्याला मनातून जरा बरंच वाटायचं. नाव उगीच पडलं नव्हतं. फोन वाजला की बाकीचे खुर्चीतून अर्धे उठायचे. हा पठ्ठ्या आधी चहाचा घोट संपवायचा, कप नीट बाजूला सारायचा आणि मग सावकाश रिसीव्हर कानाला लावायचा. जगबुडी आली तरी हा म्हणेल, थांबा, आधी पाणी कुठवर आलंय ते विचारू, असं शिफ्टचे इन्चार्ज त्याच्याबद्दल कौतुकानं सांगत. या इन्चार्जना सगळे मास्तर म्हणत, कारण कुठलीही गोष्ट तीनदा समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

थंडोबाचं काम काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. विमान चालवतो वैमानिक, हे खरं. पण ते कुठल्या वाटेनं न्यायचं, पोटात इंधन किती भरायचं, वाटेत वादळ असलं तर कुठून वळसा घ्यायचा, हे जमिनीवर बसलेली माणसं बघतात. थंडोबा त्यातला एक. दोन विमानतळांमधलं अंतर किती आणि ते कापायला वेळ किती, एवढ्यावर त्याचं पोट. लोकांना वाटतं, अंतर म्हणजे अंतर, त्यात काय डोकं लावायचंय? पण समोरून वारा सुटला की तेच अंतर तासाभरानं वाढतं, पाठीशी वारा आला की आखडतं. थंडोबा अंतर कधी मैलांत सांगायचाच नाही, तासांतच सांगायचा. बायको म्हणायची, तुम्हाला स्वयंपाकघर कुठंय विचारलं तरी वेळ सांगाल.

समुद्रावरून जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर हे लोक एक जागा आधीच काढून ठेवतात. खोलीत तिला नुसतं 'मधला' म्हणायचे. मधल्याच्या अलीकडे काही बिघडलं तर मागं फिरायचं, पलीकडे बिघडलं तर पुढंच यायचं. नेमक्या त्या जागेवर मागं जायला जेवढा वेळ, तेवढाच पुढं यायला. किती सुटसुटीत!

ही झाली नियमातली गोष्ट. आता नियमात नसलेली. समजा, विमानात कुणाला बरं वाटेनासं झालं आणि विमान वाटेतल्या बेटावर उतरवलं. झालं, बसा बोंबलत. दोन-अडीचशे माणसं त्या एवढ्याशा बेटावर अडकतात, निजायला धड खोल्या नाहीत, वैमानिकांच्या कामाचे तास संपतात, दुसरं विमान पाठवा, उद्याची सगळी वेळापत्रकं कोलमडतात आणि वरचे साहेब विचारतात, कुणी उतरवायला सांगितलं होतं? आणि बरेचदा त्या माणसाला झालेलं असतं काय, तर गॅस. म्हणून थंडोबानं एक युक्ती काढली होती. कुणी शिकवली नव्हती, पण खोलीत सगळ्यांना ठाऊक होती. नाही म्हणायचं नाही. 'नाही' कुठंतरी नोंदलं जातं. प्रश्न विचारायचे. नाडी किती? साखर बघितली का? पुन्हा एकदा बघा. आधी असं कधी झालं होतं का? विमानात कुणी डॉक्टर आहे का, पुकारा करून पाहा. एकेका प्रश्नाला दहा-दहा मिनिटं जातात, विमान काही तोवर हवेत थांबून राहत नाही, ते पुढं पुढं येतच असतं. बघता बघता मधला मागं पडतो आणि वळायचं की नाही हा प्रश्नच मिटतो. वेळ मारून नेणं म्हणतात ते हेच. यात थंडोबाचा हात धरणारा कुणी नव्हता. आजवर कुणाचं काही वाईट झालं नव्हतं, निदान त्याच्या कानावर तरी आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानं कधी चौकशीही केली नव्हती.

त्या खोलीची आणखी एक रीत होती. आजारी माणसाचं नाव विचारायचं नाही. सीट कुठली, वय काय, बाई की पुरुष, बस. नाव कळलं की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो आणि हिशोब बिघडतो, असं मास्तरांचं म्हणणं. तेही त्यांनी प्रत्येकाला तीनदा समजावलेलं होतं.

आता ताईबद्दल. थंडोबाची ताई त्याच्याहून चांगली चौदा-पंधरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा दुडूदुडू चालत होता. तेव्हापासून त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. ती कपडे शिवायची. घरातल्या खिडकीशी मशीन मांडलेलं, आणि त्या मशीनच्या जिवावर याचं शिक्षण झालं, हा समुद्र ओलांडून इकडं आला, नोकरीला लागला, संसाराला लागला. स्वतःचं लग्न तिनं आधी लांबवलं आणि मग ते राहूनच गेलं. त्याबद्दल तिनं कधी ब्र काढला नाही. सगळ्या जगाचा थंडोबा तिच्यासाठी अजून बाळ्याच होता, आणि फोनवर ती तसंच हाक मारायची, आजूबाजूला कोण ऐकतंय याची फिकीर न करता.

वर्षानुवर्षं तो तिला ये ये म्हणत होता आणि ती या ना त्या निमित्तानं टाळत होती. कधी ऑर्डरी फार, कधी गुडघा धरलाय. खरं कारण एकच, तिला विमानाची भीती वाटायची. शेवटी थंडोबाच्या बायकोनं फोन हिसकावून घेतला आणि सांगितलं, ताई, आता आला नाहीत तर मी तिकडं येऊन तुम्हाला मशीनसकट उचलून आणीन. ताई हसली, हो म्हणाली. मग हळूच भावाला विचारलं, मधेच समुद्रावर काही झालं तर रे? तो म्हणाला, तर मी इथं काय झोपा काढायला बसलोय का? तुझं विमान माझ्याच टेबलावरून येणार. काही झालं तर मी खाली उतरवीन. एवढं ऐकल्यावर ताईनं बॅग भरायला घेतली.

तिकीट त्यानं काढलं ते स्टाफच्या सवलतीचं. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना ते जवळजवळ फुकटच मिळतं, फक्त त्यात एक मेख असते: विमानात जागा उरली तरच बसायला मिळतं. बायको म्हणाली होती, एवढ्या वर्षांनी येतायत, सरळ पुरतं तिकीट काढा. याचं म्हणणं, या दिवसांत विमानं अर्धी रिकामी असतात, कशाला? आणि नेमकं त्या दिवशी विमान खच्चून भरलं. सकाळी हा कामावर निघायच्या बेतात असताना तिकडच्या विमानतळावर काउंटरला असलेल्या त्याच्या मित्राचा मेसेज आला, जागा नाही, ताईंना घरी परत पाठवतोय, उद्या बघू. बायकोनं आतल्या खोलीत ताईंसाठी पलंग लावून ठेवला होता, नवी चादर घातली होती. तिचं तोंड उतरलं. थंडोबा म्हणाला, एका दिवसानं काय बिघडतंय, आणि निघाला. कंट्रोल रूममध्ये स्वतःचा फोन आत न्यायला बंदी. दाराशी लाकडी खण होते, त्यात त्यानं तो नेहमीसारखा ठेवला आणि टेबलावर येऊन बसला.

ज्या विमानात ताईला जागा मिळाली नव्हती, ते विमान त्याच्याच टेबलावर होतं. प्रवास अकरा तासांचा. निम्म्याहून थोडं पुढं ते बेट लागतं, आणि बेटापासून इथवर नुसता समुद्र, पाच तासांचा. दुपारपर्यंत सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. थंडोबानं डबासुद्धा टेबलावरच खाल्ला.

बेट मागं टाकून विमानाला दीड तास झाला असेल, तेव्हा कॅप्टनचा पहिला निरोप स्क्रीनवर आला. मागच्या बाजूची सीट, बाई, साठीच्या आसपास. चक्कर येतेय, डोकं ठणकतंय, उजव्या हाताला मुंग्या आल्यात. सल्ला द्या.

थंडोबानं नकाशावर एक नजर टाकली. मागं बेट दीड तासावर, पुढं आपला विमानतळ साडेतीन तासांवर. मधला अजून तासभर लांब. शेजारच्या टेबलावर हवामान बघणारी बाई बसायची. वयानं लहान, नोकरीला लागून वर्ष झालेलं. तिनं कुणी न विचारताच सांगितलं, बेटावर स्वच्छ ऊन आहे, वाऱ्याचं नाव नाही, रनवे मोकळा आहे. हॉस्पिटलही रनवेपासून दहा मिनिटांवर आहे, मोठं आहे. थंडोबा म्हणाला, बरं, असू दे. मग त्यानं चहा मागवला आणि कॅप्टनला विचारलं, साखर तपासली का?

साखर ठीक निघाली. मग रक्तदाब तपासायला सांगितला. तो बराच वाढलेला निघाला. थंडोबा खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, या वयात विमानात बसलेल्या बाईचा नाही वाढणार तर कुणाचा? दहा मिनिटांनी पुन्हा बघा म्हणावं. पुन्हा बघितला, आणखी वाढलेला. मग डॉक्टरचा पुकारा करायला लावला. एक गृहस्थ उठले, ते दातांचे डॉक्टर निघाले. खोलीत हशा पिकला. मास्तरही हसले. त्या दंतवैद्यांनी मात्र निरोप धाडला की लक्षण मला बरं दिसत नाही, माझा हा विषय नाही, पण जवळ कुठं उतरता येत असेल तर उतरा. थंडोबानं कळवलं, आमच्या डॉक्टरांशी बोलून सांगतो. कंपनीच्या डॉक्टरांना त्यानं फोन लावला. ते जेवायला गेले होते. तसं झालं तर लावायला दुसरा एक नंबर समोर भिंतीवर चिकटवलेलाच होता. तो त्यानं लावला नाही.

मग कॅप्टननं स्वतः फोनवर येऊन विचारलं, बेटाचं काय? वळू का मी? आता सरळ सवाल होता. थंडोबा शांतपणे म्हणाला, "बेटावर ॲम्ब्युलन्सची सोय आहे का विचारतोय, कॅप्टन. थोडा वेळ द्या." आणि फोन ठेवला.

त्यानं बेटाला काहीच विचारलं नव्हतं. हवामानवाली त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या टेबलावरचे दोन्ही फोन तिच्याच कानाशी होते, कुठला लागला आणि कुठला नाही हे तिला न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. "लावू का मी बेटाला?" तिनं विचारलं. तो म्हणाला, तू वारा बघ. ती स्क्रीनकडं वळली, पण तिचे कान लाल झाले.

असा तास गेला. स्क्रीनवरचं ते इवलंसं विमान मधल्यावर आलं. थंडोबानं खुर्ची मागं सरकवली, हात ताणून आळस दिला. सुटलो, असंच त्याच्या मनात आलं. नेमका तेव्हा कॅप्टनचा फोन आला, आणि या खेपेला त्याचा आवाज घट्ट झालेला होता.

"बाईंचं तोंड एका बाजूला ओढलंय. उजवा हात उचलत नाही. बोलणं जड झालंय. तुमच्या डॉक्टरांचं काय ते ठेवा बाजूला. मला एकच सांगा, मागं जाऊ की पुढं येऊ?"

"आता दोन्ही सारखंच आहे, कॅप्टन," थंडोबा म्हणाला. "इकडून अडीच तास, तिकडून अडीच तास. पुढंच या."

कॅप्टन म्हणाला, "बरं. आणखी एक. बाई स्टाफच्या तिकिटावर आहेत. आमच्या केबिनमधल्या मुलींना सारखं सांगतायत की घाबरू नका, माझा भाऊ तिथं बसलाय, विमानांना वाट सांगतो. त्याला विचारा आणि तो म्हणेल तसं करा. तुमच्यात कुणाची बहीण आहे बघा आणि त्याला कळवा. बाळ्या का कायसं नाव सांगतात."

थंडोबाच्या हातातला रिसीव्हर हातातच राहिला. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. जमीन होती तिथंच होती, टेबल होतं, कप होता, मागं कुणीतरी दुसऱ्या विमानाला उशीर का झाला यावरून वाद घालत होतं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरू लागली: ताई घरी आहे. ताईला जागा मिळाली नाही. ताई घरी आहे. हे कुणीतरी दुसरं. बाळ्या काय जगात एकच असतो?

तो उठला, दाराशी गेला, खणातला फोन काढला. सकाळचाच आणखी एक मेसेज होता, खणात फोन ठेवल्यावर लगेच आलेला. मित्रानं लिहिलं होतं, एकजण ऐनवेळी आलाच नाही, ताईंना टॅक्सीच्या रांगेतून धावत जाऊन परत आणलं, बसवून दिलं एकदाचं, शेवटून दुसरी ओळ, खुश होत्या, घाबरल्या होत्या, तू बघशीलच.

तू बघशीलच. तो दारातच भिंतीला टेकला. आणि मग त्याला ते कळलं, जे इतकी वर्षं हाताखालून जात होतं आणि कधी कळलं नव्हतं. मधला म्हणजे काय? सगळ्या प्रवासात मदतीपासून सर्वांत लांब असलेली जागा. त्याहून लांब जागा त्या समुद्रावर दुसरी नाही. तिथून एक पाऊल कुठंही टाकलं तरी माणूस कशाच्या तरी जवळ येतो. आणि तो दुपारभर ताईला एकेक प्रश्न विचारत विचारत बरोब्बर तिथंच घेऊन आला होता. स्वतःच्या हातानं. चहा पीत. दातांच्या डॉक्टरवर हसत.

तो टेबलाकडं परत आला तो धावतच, आणि त्याला धावताना त्या खोलीत आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मास्तर उभे राहिले. तो म्हणाला, "वळवा. माझी ताई आहे. वळवा विमान."

"कुठं वळवू?" मास्तर म्हणाले. त्यांना अजून नीट उमगलेलं नव्हतं. "अरे, तूच आत्ता सांगितलंस ना, दोन्हीकडं सारखं आहे?"

सारखं होतं. त्यानं स्क्रीनवर पुन्हा मोजलं, वारा बदलून मोजलं, उंची बदलून मोजलं. वीस वर्षं ज्या आकड्यांनी त्याचं ऐकलं होतं, ते आता मख्खासारखे बघत होते. कॅप्टनला त्यानं वेग वाढवायला सांगितलं. कॅप्टन म्हणाला, वाढवलाय, चार-सहा मिनिटं वाचतील, त्याहून जास्त नाही. मग थंडोबानं भिंतीवरचा तो दुसरा नंबर लावला. पहिल्याच घंटीला एका डॉक्टरनं उचलला. सगळं ऐकून तो म्हणाला, हा मेंदूचा झटका आहे, यात मिनिटामिनिटाचं मोल असतं, जवळ जे असेल तिथं ताबडतोब उतरवा. थंडोबानं सांगितलं, जवळ काही नाही. तो डॉक्टर म्हणाला, केव्हा सुरू झालं हे? थंडोबानं फोन ठेवून दिला.

मास्तरांना एव्हाना सगळा उलगडा झाला होता. त्यांनी त्याला खांद्याला धरून खुर्चीवरून उठवलं आणि टेबल दुसऱ्याच्या हवाली केलं. त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं, पाणी दिलं आणि आवाज खाली आणून समजावू लागले. तू मुद्दाम केलं नाहीस. तुला माहीत नव्हतं. आणि हे बघ, तू नकार असा कुठंच दिलेला नाहीस, तू प्रश्नच विचारलेस, सगळे प्रश्न रास्त होते, कुणी बोट दाखवू शकत नाही. कुणापाशी काही बोलू नकोस. हे त्यांनी सवयीप्रमाणे तीनदा सांगितलं. थंडोबानं त्यांच्याकडं पाहिलं. कालपर्यंत हेच कुणी म्हणालं असतं तर त्याला शाबासकी वाटली असती. आता त्यानं हातातलं पाणी न पिताच खाली ठेवलं.

"माहीत असतं तर मी पहिल्या निरोपालाच वळवलं असतं," तो म्हणाला. "एक प्रश्न न विचारता."

मास्तर म्हणाले, "कुणीही वळवलं असतं."

तेवढ्यात हवामानवाली दारात आली. तिचे डोळे भरून आले होते, पण ते दुःखानं की संतापानं हे सांगणं कठीण होतं. विमानातून निरोप आला होता. ती तो वाचून दाखवू लागली, मग थांबली आणि नुसतंच म्हणाली, "ताई विचारतायत, अजून किती वेळ लागेल."

आयुष्यभर ज्यानं लोकांना मिनिटाच्या हिशोबात वेळा सांगितल्या, त्याच्या तोंडून आकडा फुटेना. दोन तास म्हणजे काय असतं हे त्याला त्या दुपारी पहिल्यांदा समजलं. शेवटी तो म्हणाला, "सांग, आलंच."

ते दोन तास त्यानं कसे काढले ते विचारू नका. त्यानं बायकोला फोन केला, ती हॉस्पिटलकडं निघाली. मग तो विमानतळावर, विमान लागायचं होतं त्या दाराच्या काचेशी, जाऊन उभा राहिला. माणसं खिदळत होती, पोरं बॅगांवर बसून भांडत होती, आणि त्याला प्रत्येकाला धरून विचारावंसं वाटत होतं की तुम्हाला कल्पना आहे का खाली आम्ही काय करतो? विमान उतरलं. सगळ्यांना जागेवर बसवून आधी स्ट्रेचर बाहेर काढलं. पायांवर निळं ब्लँकेट, अंगात तिनं स्वतः शिवलेला कोट, केस विस्कटलेले. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळल्यासारखी झालेली. तिनं त्याला पाहिलं आणि डावा हात वर केला. मागून दंतवैद्य येत होते, सबंध वाट ते तिच्या शेजारी बसून होते. त्यांनी त्याला नुसतं विचारलं, तुम्ही नातेवाईक का? तो हो म्हणाला. त्यापुढं त्या सज्जन माणसाच्या डोळ्याला डोळा देणं त्याला झालं नाही.

हॉस्पिटलमध्ये ताईला आत नेलं, तपासलं, पुन्हा बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं. बायको उशाशी बसली होती, ताईच्या कपाळावरून हात फिरवत होती. डॉक्टरबाई आल्या. शांत स्वभावाच्या वाटल्या, पण दमलेल्या. त्यांनी हातचं काही न राखता सांगितलं. जिवाला धोका नाही. पण या झटक्यावर एक औषध असतं, ते पहिल्या काही तासांतच देता येतं, आणि ती वेळ टळून गेली आहे. उजवी बाजू कितपत परत येईल सांगता येत नाही. व्यायाम, मालिश, बघू. हाताचं मात्र त्या फार आशेनं बोलल्या नाहीत.

बायकोनं विचारलं, त्या शिवणकाम करतात, ते? डॉक्टरबाईंनी मान हलवली. मग फाइल मिटता मिटता, कुणाला दोष द्यावा अशा सुरात नव्हे, सहज त्यांनी विचारलं, "विमान मधे कुठं उतरवता आलं नाही का?"

"उतरवता आलं असतं तर यांनी सोडलं असतं का?" बायको म्हणाली. "हेच तर बसले होते तिथं. यांच्याच हातात होतं सगळं."

हे तिनं किती अभिमानानं म्हटलं! थंडोबा पलंगाशी उभा होता. ताईचा डावा हात त्याच्या हातात होता, आणि ती त्याच्याकडंच बघत होती. मास्तरांचे शब्द त्याला आठवले. गप्प राहिलं तर हे इथंच मिटणार होतं, कुणाला कधीच कळणार नव्हतं, आणि ही बाई मरेपर्यंत म्हणत राहणार होती की माझ्या भावानं मला सुखरूप आणलं.

"येत होतं," तो म्हणाला. "दीड तासावर बेट होतं, हॉस्पिटल होतं, ऊन पडलं होतं. कॅप्टन विचारत होता. मी उतरवू दिलं नाही, ताई. मी मुद्दाम वेळ काढला."

बायकोचा हात ताईच्या कपाळावरच थांबला. ती नवऱ्याकडं अशी बघू लागली की जणू कुणी परका माणूस चुकून खोलीत शिरलाय. डॉक्टरबाईंनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली आणि त्यात पाहत राहिल्या.

ताई तेवढी हसली. अर्ध्याच तोंडानं, कारण अर्धंच हलत होतं. तिनं त्याचा हात दाबला, आणि जड झालेल्या जिभेनं, एकेक शब्द जुळवत, ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "खोटं… बोलतो. तो असं… करणारच नाही."

तो पुन्हा सांगू लागला. ताईनं डोळे मिटले आणि मान हलवली, नाही, नाही.